मागणे कुणाच्या नावाने? : १९३८ चा सत्याग्रह आणि आपली कोठी

गणपती बसले की आमच्या घरी दरवर्षी एक जुना वाद उकरून निघत असे. आरती आटोपून मोठी माणसे पानावर बसली, की आजोबा आणि त्यांचे थोरले बंधू यांच्यात १९३८ सालावरून जुंपायची. आम्ही मुले त्यांना आबा आणि थोरले आबा म्हणत असू. दोघेही निजामाच्या तुरुंगात जाऊन आलेले, आणि तेही एकाच घरातून, काही महिन्यांच्या अंतराने. फरक इतकाच की आबा गेले ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात आणि थोरले आबा गेले ते आर्य समाजाच्या सत्याग्रहात.

थोरल्या आबांचे म्हणणे असे की, तुम्ही ऐन लढाईत हत्यार म्यान केलेत. आम्ही शेवटपर्यंत लढलो आणि पदरात काहीतरी पाडून घेतले. आबा यावर फारसे बोलत नसत. आम्ही थांबलो, शरण गेलो नव्हतो, एवढेच म्हणत आणि तुपाची वाटी पुढे सरकवत. त्या वयात आम्हाला थोरले आबाच बरोबर वाटायचे. लढाई अर्धवट सोडणाऱ्याची बाजू कोणत्या मुलाला आवडेल?

पुढे शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर हा इतिहास सवडीने वाचला, तेव्हा लक्षात आले की दोन भावांचा तो वाद घरगुती नव्हता. राज्यकर्त्यापुढे उभे राहून हक्क मागायचा तो कुणाच्या नावाने मागायचा, धर्माच्या की नागरिकत्वाच्या, असा तो प्रश्न होता. आणि या प्रश्नाची बरीचशी उजळणी आपल्या कोठीच्याच परिसरात झाली आहे. म्हणून मंडळाच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे

कोठी हे नाव रेसिडेन्सीच्या कोठीवरून पडले, हे आपण जाणतोच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने ही भव्य इमारत उभी केली. आपल्यापैकी अनेकांच्या आया, बहिणी, लेकी तिथल्या महिला महाविद्यालयात शिकल्या. आता तिथे महिला विद्यापीठ आहे. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाझ खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी याच कोठीवर हल्ला चढवला होता.

या कोठीभोवती जी वस्ती वाढली, ती रेसिडेन्सी बाजार. भूमी निजामाची, पण अंमल रेसिडेंटचा, अशी इथली तऱ्हा होती. १९३३ मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार म्हणून ओळखला जाऊ लागला. तोपर्यंत रस्त्याच्या एका बाजूला एक कायदा आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असा प्रकार होता. हैदराबादचा आर्य समाज १८९२ मध्ये इथेच स्थापन झाला, हा योगायोग नव्हे. निजामाच्या हद्दीत जे करायला धास्ती वाटे, ते इथे थोडे मोकळेपणाने करता येई.

ही मोकळीक इंग्रजांनी काही उदारपणाने दिलेली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या सत्तेला धक्का लागला की तेही तितकेच कठोर होत. पण त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळी सभा घेण्याचा, बोलण्याचा हक्क माणसाला नव्हता, त्याच्या पत्त्याला होता. पुतळीबावलीवरून चार पावले इकडे तिकडे झाली की तुमची योग्यता बदलायची.

आणि निजामाच्या राज्यात परिस्थिती काय होती? १६ जिल्ह्यांचे राज्य. त्यांत आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड. १९४१ च्या खानेसुमारीनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख. त्यातले जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा मराठी. दरबार, कचेऱ्या आणि वरच्या शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. मुसलमानांचे प्रमाण शंभरात बारा-तेरा, पण वरच्या नोकऱ्यांत त्यांचाच भरणा. १९२९ च्या सुप्रसिद्ध गश्ती निशाण ५३ ने सभेसाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली. राजकीय परिषद भरवायची तर राज्याबाहेर जावे लागे. म्हणून हैदराबादच्या प्रजेच्या राजकीय परिषदा १९२३ मध्ये काकीनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे आणि १९३१ मध्ये अकोला येथे भरल्या. आपल्या घरातले गाऱ्हाणे सांगायला शेजाऱ्याच्या ओसरीवर जायचे, तशी ही गत.

या साऱ्याला हिंदूंवर मुसलमानांचे राज्य असे म्हणून टाकणे सोपे आहे, आणि आपल्या घरांतून पुष्कळदा तसेच म्हटले जाते. पण याच राज्यात महाराजा किशन पर्शाद यांच्यासारखा हिंदू सरदार दोन वेळा राज्यकारभाराच्या सर्वोच्च पदावर होता. देशमुख, देशपांडे, हिंदू जहागीरदार यांचे हितही या व्यवस्थेत गुंतलेले होते. आणि टांगा हाकणाऱ्या, विडी वळणाऱ्या गरीब मुसलमानाला या राज्यातून काय मिळत होते? खरे दुखणे हे की राज्यकर्ता कुणालाच जबाबदार नव्हता. धर्माचा रंग त्यावर चढलेला होता, आणि तो रंग डोळ्यांत भरेल असाच होता, हेही खरे.

विवेक वर्धिनीतली एक घटना

अशा वातावरणात आपल्या मराठी पूर्वसुरींनी काय केले, तर शाळा काढली. १९०७ मध्ये विवेक वर्धिनी सुरू झाली. केशवराव कोरटकर (१८६७–१९३२), वामनराव नाईक ही त्यामागची माणसे. केशवराव हे नामवंत वकील, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि त्याच वेळी आर्य समाजाचेही पुढारी. १९२२ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय उभे राहिले. शाळा, ग्रंथालय, व्याख्याने, सामाजिक परिषदा. राजकारणाला बंदी होती, तेव्हा नागरिक घडवण्याचे काम या मार्गांनी चालले. आपण आज ज्याला नागरिकाचे कर्तव्य म्हणतो, ते त्यांनी भाषणात सांगितले नाही, वर्गणीच्या वहीत लिहून दाखवले.

हा अभिमान सांगतानाच त्याच वास्तूतली दुसरी हकीकतही सांगायला हवी. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेक वर्धिनीच्या सभागृहात निजाम राज्य सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे लोकांनी शांतपणे ऐकली. मग आलंपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील एका ठरावावर तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि सभागृहात हुर्यो झाली. टाळ्या, शिट्ट्या, थट्टा. ज्या राज्यात निम्मी प्रजा तेलुगू, तिथे तेलुगू बोलणाऱ्याची ही संभावना! त्याच रात्री काही तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव हे त्यांतले. तेलंगणातल्या मोठ्या चळवळीचे बीज असे आपल्या सभागृहात, आपल्याच लोकांच्या उद्दामपणातून पडले.

ही गोष्ट तेलुगू घरांत आजही सांगतात. मराठी घरांत क्वचितच ऐकू येते. ती इथे सांगण्याचे कारण एवढेच की, 'आम्ही' म्हणताना त्यात कोण येते आणि कोण बाहेर राहते, हा प्रश्न फक्त धर्माचा नाही. सुधारणेच्या सभेतही तो चुकू शकतो, अध्यक्षपदी खुद्द कर्वे असले तरीही.

एका वर्षात तीन प्रवाह

१९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. तेलुगू भागात आंध्र महासभा होतीच. भाषेच्या या वेगवेगळ्या चुली एकत्र करून सगळ्या प्रजेची एक संस्था काढावी, या विचारातून १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस आकाराला आली. तिची मागणी होती आसफजाही घराण्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धतीची. राजा राहू द्या, पण दिवाण आणि मंत्री प्रजेला जबाबदार असू द्या, एवढेच. सभासदत्व सर्व धर्मांना खुले होते. सिराज-उल-हसन तिरमिजी यांच्यासारखे मोजके मुस्लीम कार्यकर्ते सुरुवातीपासून तिच्यात होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये शहरात धूळपेठेत दंगल झाली होती आणि मने कलुषित होती. सर अकबर हैदरी यांच्या सरकारने सप्टेंबर १९३८ मध्ये, संस्था रीतसर उभी राहण्याच्या आधीच, तिच्यावर बंदी घातली. कारण काय दिले? ही संस्था जातीय आहे, म्हणजे हिंदूंची आहे! ज्यांनी धर्म बाजूला ठेवून मागणी केली, त्यांच्यावर नेमका धर्माचाच ठपका.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेते गोविंदराव नानल. त्यांच्यासोबत तेलुगू रावी नारायण रेड्डी होते, मारवाडी रामकिशन धूत होते. बंदी असलेल्या संस्थेचे सभासद म्हणून जाहीर करायचे आणि पकडून घ्यायचे, अशी पद्धत होती. २७ ऑक्टोबरला स्वामी रामानंद तीर्थ पुढे झाले.

पण नेमके याच सुमारास आणखी दोन प्रवाह उसळले. हिंदू महासभेने सावरकरांच्या नेतृत्वाखाली 'भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार' सुरू केला, पुढे ल. ब. भोपटकर आणि महाराष्ट्रातून आलेल्या तुकड्या त्यात उतरल्या. आर्य समाजाने डिसेंबर १९३८ मध्ये सोलापूरला बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली मोठी परिषद भरवली आणि सत्याग्रहाचा निर्धार केला. उस्मानिया विद्यापीठात 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाल्याने नोव्हेंबरमध्ये विद्यार्थी बाहेर पडले. त्यांतल्या कितीतरी जणांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले.

आर्य समाजाची गाऱ्हाणी खोटी होती काय? मुळीच नाही. यज्ञशाळा बांधायची तर परवानगी, आखाडा काढायचा तर परवानगी, मोहरम आणि हिंदू सण एका वेळी आले की वाजंत्रीवर बंधने. गुंजोटीच्या वेदप्रकाशांचा १९३७ मध्ये खून झाला. उदगीरचे भाई श्यामलाल डिसेंबर १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मरण पावले. ही आपल्या मराठी मुलखातली माणसे. स्वतःच्या अंगणात हवन करू न देणे हा नागरी हक्कावरचाच घाला आहे. उपासनेचे स्वातंत्र्य हे नागरिकाचे स्वातंत्र्य नव्हे, असे कोण म्हणेल? थोरले आबा गेले ते याच संतापाने, आणि तो संताप रास्त होता.

अडचण वेगळीच होती. तुकड्या वेगळ्या, झेंडे वेगळे, पण रस्ते तेच, घोषणा काही वेळा त्याच आणि माणसेही पुष्कळदा तीच. आमच्यासारख्या घरांत तर एका भावाची ताटवाटी एका झेंड्याखाली, दुसऱ्याची दुसऱ्या. गावातल्या साध्या मुसलमानाने यातून काय समजायचे? सत्याग्रही जबाबदार राज्यपद्धती मागतो आहे, की हिंदूंचे राज्य? आणि सरकारला तर हेच हवे होते. बोट दाखवून म्हणायला ते मोकळे, की पाहा, आम्ही म्हणत होतो ना!

थांबण्याचा निर्णय

२४ डिसेंबर १९३८ रोजी, सुरू झाल्यापासून बरोबर दोन महिन्यांनी, स्टेट काँग्रेसने सत्याग्रह तहकूब केला. हा सल्ला महात्मा गांधींचा होता. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी आणि धार्मिक हक्कांची मागणी यांची गल्लत होऊ नये, हे त्यामागचे मुख्य कारण.

हा निर्णय पचवणे अनेकांना जड गेले. शेकडो लोक तुरुंगात होते. मागणी एकही मान्य झाली नव्हती. बंदी उठली नाही. ती उठायला १९४६ साल उजाडावे लागले. उलट आर्य समाजाचा सत्याग्रह जानेवारी १९३९ च्या अखेरीस महात्मा नारायण स्वामींच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, देशभरातून हजारो लोक त्यात उतरले आणि ऑगस्टमध्ये सरकारकडून काही सवलती मिळवूनच तो थांबला. हिशेबाच्या वहीत पाहिले तर थोरल्या आबांची बाजू भारी होती. आबांचे तरुण सहकारी कित्येक वर्षे म्हणत राहिले की लोकांचा जोर ऐन भरात असताना आम्ही तो मोडला. थांबून आपण सरकारच्या खोट्या आरोपाला अर्धी मान्यताच दिली, असेही कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे.

मग त्या निर्णयात होते तरी काय? १९३९ मध्येच सरकारने ज्या राजकीय सुधारणा जाहीर केल्या, त्यांत विधिमंडळाच्या निवडून द्यायच्या जागा हिंदू आणि मुसलमान यांच्यात निम्म्या-निम्म्या वाटलेल्या होत्या. राज्यकर्त्याला हाच हिशेब सोयीचा असतो. प्रजा दोन पारड्यांत बसली की तराजू त्याच्या हातात राहतो. धर्माच्या नावाने मागितलेले धर्माच्या मापानेच मिळते, आणि त्या मापात जबाबदार राज्यपद्धती कधीच बसत नाही, कारण ती मागणारी एक प्रजा लागते. स्टेट काँग्रेसला ती एक प्रजा घडवायची होती. तिच्या सत्याग्रहींत मुसलमान थोडे होते, हे खरे. पण दार उघडे ठेवायचे की लावून घ्यायचे, हा निर्णय आत किती जण आले यावर ठरवायचा नसतो.

यात मला सर्वांत विचार करायला लावतात ते स्वामी रामानंद तीर्थ. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी सिंदगी येथे जन्मलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेले, मग हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेतून मुले घडवलेले शिक्षक. त्यांनी संन्यास घेतला होता. अंगावर भगवी वस्त्रे. ज्या माणसाने स्वतःचे अवघे आयुष्य धर्माला वाहिले, तोच माणूस आपली चळवळ धर्माची नाही असे सांगत तुरुंगात गेला. त्यांना धर्म लाजिरवाणा वाटत नव्हता. पण त्यांची भगवी वस्त्रे ही त्यांच्या स्वतःच्या साधनेची होती, चळवळीचा गणवेश नव्हे. त्यांच्या मागणीपत्रावर कोणीही सही करू शकत होते. धर्माचे राजकारणातले स्थान कोणते, या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर मला पुस्तकांत सापडलेले नाही. धर्म माणसाला तुरुंगात जाण्याचे बळ देऊ शकतो. पण तुरुंगात जायचे ते कुणासाठी, हे त्याने धर्माच्या यादीवरून ठरवू नये.

दहा वर्षांनी

१९३८ ची कसोटी १९४८ मध्ये लागली. देश स्वतंत्र झाला, निजामाने विलीनीकरण टाळले. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनने 'अनल मलिक', म्हणजे प्रत्येक मुसलमान हाच राज्यकर्ता, हा विचार आधीच रुजवलेला होता. लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीने रझाकारांची फौज उभारली. टांगेवाल्याला सांगितले गेले की तू राजा आहेस. टांगा मात्र त्यालाच ओढावा लागला. धर्माच्या नावाने राजकारण केले की गरिबाला असा नुसता मुकुट मिळतो.

या धुमाळीत काचीगुड्यात एक तरुण उर्दू संपादक 'इमरोज' नावाचे दैनिक चालवत होता. शोएबुल्ला खान. वय अठ्ठावीसच्या आत. रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने तो लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लीम नागरिकांनी याच अर्थाचे निवेदन काढले, ते त्याने छापले. २१ ऑगस्टच्या मध्यरात्री कचेरीतून घरी परतताना त्याच्यावर हल्ला झाला. ज्या हाताने लिहिले तो हात तोडला गेला, आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. कोठीपासून हे ठिकाण पायी जाण्याइतके जवळ आहे. आपल्या लोकांच्या विरोधात जाऊन सर्वांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे काय, हे या तरुणाने दाखवले. विलीनीकरणाची चळवळ सरकार म्हणत होते तशी निव्वळ हिंदूंची असती, तर शोएबुल्ला खानला त्यात जागा कुठे होती?

१३ ते १७ सप्टेंबर १९४८. पाच दिवसांत पोलीस कारवाई आटोपली आणि आपण मुक्त झालो. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण हे आनंदाने स्मरतो, आणि स्मरावेच. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले, त्याची गोष्ट मराठी घरांत सांगितली जात नाही. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत रझाकारांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज सत्तावीस हजार ते चाळीस हजार असा आहे. हा अहवाल कित्येक दशके बाहेर आला नव्हता. हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबे वाचवल्याचेही त्यात नमूद आहे. तेही आपलेच लोक.

मी महाविद्यालयात असताना एका गणपतीत थोरल्या आबांना सरळ विचारले होते, की तुमच्या दोघांत शेवटी जिंकले कोण? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की १९४९ मध्ये ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी गेले होते. त्यांचे मुंजीचे कपडे ज्याने शिवले होते, त्या शिंप्याच्या घराला दार उरले नव्हते. आत बाभळीचे रोप उगवले होते. त्यांनी गावात कुणाला काही विचारले नाही आणि कुणी आपणहून सांगितले नाही. एवढे बोलून ते उठले. पुढच्या वर्षी त्यांनी आबांशी पुन्हा तोच वाद तितक्याच हिरिरीने घातला.

आपला मंडप

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हे कशाला, असे कुणाला वाटेल. मला वाटते, हे इथेच लिहायला हवे. लोकमान्यांनी १८९३ पासून पुण्यात उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, ते घरातल्या देवाला चौकात आणून. मंडपात व्याख्याने झाली, मेळे झाले, परकीय सत्तेच्या काळात लोकांना एकत्र येण्याची जागा मिळाली. पण त्याआधी पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने भाग घेत, आणि दंगलींनंतर नव्या उत्सवाने त्यांना तिथून दूर केले, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. मंडप माणसे जोडतो आणि मंडपाला बाहेरची बाजूही असते. आपल्या हातात एवढेच आहे की ती बाजू भिंत होऊ द्यायची नाही.

राज्यघटनेने हा प्रश्न आपल्यापुरता पुष्कळ सोडवून ठेवला आहे. कलम २५ उपासनेचे स्वातंत्र्य देते ते सर्व व्यक्तींना. थोरल्या आबांची मागणी तिथे पूर्ण झाली. आणि लोकप्रतिनिधित्व कायदा धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरवतो. आबांचा आग्रह तिथे शब्दांत उतरला. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मताधिक्याने सांगितले की, यात केवळ उमेदवाराचा नव्हे, तर मतदाराचा धर्मही येतो. सात न्यायमूर्तींत इतका मतभेद व्हावा, यावरून हा प्रश्न आजही किती अवघड आहे ते दिसते. त्या यादीत भाषा आहे, हेही लक्षात घ्या. १९२१ चे सभागृह तिथे आठवावे.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इथे राहिलो. तेव्हापासून या शहरात आपण थोडे आहोत. मराठी शिक्षक हवा, ग्रंथालयाला अनुदान हवे, मिरवणुकीला रस्ता हवा, तर आपल्यालाच अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज ऐकणारा बहुधा दुसऱ्या भाषेचा असतो. त्याने आपल्याला शांतपणे ऐकून घ्यावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? नागरिक म्हणूनच ना! मग आपल्या गल्लीत दुसरा कुणी आपला अर्ज घेऊन उभा राहील, तेव्हा त्यालाही त्याच नावाने ऐकून घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आबा आणि थोरले आबा दोघेही आता नाहीत. तुरुंगातून सुटताना मिळालेले दोघांचे कागद मात्र घरात एकाच ट्रंकेत, एकाच रुमालात बांधलेले आहेत. बायकांनी कधीतरी आवराआवर करताना ते एकत्र बांधले असावेत, आणि नंतर ते वेगळे करावेत असे कुणाला वाटले नाही. यंदा गणपतीत ते बाहेर काढून नातवंडांना दाखवायचे ठरवले आहे. वाद मुलांनी आपापला घालावा. फक्त गोष्ट दोन्हीकडची, आणि त्या शिंप्याच्या घराचीही, त्यांच्या कानावर पडलेली असावी.

गणपती बाप्पा मोरया!